डी, ई, एफ ड्राइव्ह उडवले आणि लिनक्स मिंट टाकलं (माझा अनुभव)

ऐरोलीला मामांकडे जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला, असेंबल करणाऱ्याने ५०० जीबीच्या डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून दिलेले (आपल्याकडे ही पद्धतच होती). सी कायम भरलेला, बाकीचे रिकामे. मामा म्हणाले सगळं एक कर आणि ते लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम; मिंट हा तिचाच एक प्रकार) पण टाक.

आधी फोटो वगैरे एक्सटर्नल डिस्कवर घेतले. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून डी, ई, एफ डिलीट केले तरी सी वर राइट क्लिक केलं की एक्सटेंड व्हॉल्यूम (जागा वाढवायचा पर्याय) फिकटच, दाबताच येईना! कारण हे तिन्ही लॉजिकल ड्राइव्ह, म्हणजे एका एक्सटेंडेड पार्टिशनच्या (मोठ्या तुकड्याच्या) पोटातले छोटे तुकडे, त्यामुळे मोकळी झालेली जागा हिरवी, फ्री स्पेस म्हणून दिसते आणि सी ला ती चालत नाही. त्या हिरव्या पट्टीवरच परत डिलीट मारायचं, मग काळी पट्टी येते, अनअलोकेटेड (कुणालाच न दिलेली जागा). ती सी च्या लगेच उजवीकडे असेल तरच जोडता येते हे पण लक्षात असूद्या. सुरुवातीचं १०० एमबीचं सिस्टम रिझर्व्हड दिसेल, त्याला हात लावू नका, बूट त्यावरूनच होतं.

सी ला थोडी जागा दिली, बाकी तशीच मोकळी ठेवली. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये समथिंग एल्स (जागा आपणच निवडायचा पर्याय) घेऊन त्या मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) केलं, माउंट पॉइंट स्लॅश (/, म्हणजे लिनक्सचं मूळ फोल्डर), आणि बूटलोडर (सिस्टम चालू करणारा छोटा प्रोग्राम) एसडीए वर, म्हणजे पूर्ण डिस्कवर, एसडीए१ वर, म्हणजे तिच्या पहिल्या तुकड्यावर, नाही.

आता चालू केल्यावर ग्रबचा (त्याच बूटलोडरचा) मेनू येतो, विंडोज आणि मिंट दोन्ही दिसतात. मामी मात्र अजून विंडोजच उघडते, पत्त्यांचा खेळ तिथे आहे म्हणे.