लातूरकरांनो, घरचं पाणी किती जड आहे ते असं बघा

आपल्याकडे नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं पण रोज येत नाही, मग मधले दिवस बोअर, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, तीन शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ टणकच, तोटीवर पांढरा थर, केस नुसते राठ. तर आधी हे करा, दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत नळाचं दुसरीत बोअरचं पाणी अर्ध्यापर्यंत, दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा, जड पाण्यात फेस धरतच नाही, वर पांढरट साय येते. शाम्पू वापरू नका हां, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

नुसता टीडीएस मीटर बघून आरओ फिल्टर घेऊ नका, तो सगळेच विरघळलेले क्षार मोजतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो, तो लॅबमधून मोजून घ्या. जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असला तर चांगलं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं.

तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळल्यावर मात्र थोडा क्षार तळाला बसतो, वरचं पाणी अलगद ओतून घ्या. आणि नळाचं पाणी आलं की डाळीपुरता एक हंडा बाजूला काढूनच ठेवा.