पुण्यात अनंत फुलवायचा तर आधी माती आणि पाणी बघा

नर्सरीतून कळ्यांनी भरलेला अनंत घरी येतो आणि महिन्याभरात पानं पिवळी पडतात, कळ्या न उमलताच गळतात. मग ‘अनंत पुण्यात होत नाही’ असा शिक्का बसतो. तो मला मान्य नाही. अनंत कॉफीच्या कुळातला. त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू बऱ्याचदा ८ च्या घरात. तिच्यात लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. म्हणून खताच्या आधी मातीचा विचार करा.

चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे, ती अनंताच्या कामाची नाही. सोसायटीच्या वाफ्यात तर मातीखाली बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडाच असतो. त्यापेक्षा कुंडी बरी: १२ ते १४ इंची, मातीची किंवा प्लास्टिकची. सिमेंटची नको, तिचा चुना हळूहळू मातीत उतरतो. दोन भाग लाल माती, दोन भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा. तळाची भोकं मोकळी ठेवा. राख आणि अंड्याची टरफलं मात्र या कुंडीत अजिबात नकोत, दोन्हींनी सामू वाढतो.

लावायला जून उत्तम. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा. जागा पूर्वेची बघा: सकाळचं चार-पाच तास ऊन मिळावं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली. पश्चिमेच्या गॅलरीत पानं करपतात.

आता पाणी. लाल माती घालूनही झाड पिवळं पडतं ते बहुधा पाण्यामुळे. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल तर तेच पाणी कुंडीतही क्षार साठवतंय. शक्य असेल तर नळाचं धरणाचं पाणी द्या. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात झाकून साठवलंत तर त्याहून चांगलं काही नाही. बोटाचं एक पेर माती कोरडी लागली की भरपूर पाणी घाला, खालून वाहून जाईपर्यंत. एक दिवस तुडुंब आणि चार दिवस कोरडं, हे त्याला सोसत नाही. कळ्या गळण्याचं मुख्य कारण हेच. कळ्या आल्यावर कुंडी हलवू नका.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात द्या. हिराकस (फेरस सल्फेट) वापरायचं असेल तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. चुनखडीच्या मातीत नुसतं ओतलं तर वाया जातं. खालची जुनी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळली तर काळजी नको.

खत म्हणून महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं.

छाटणी फुलांचा बहर ओसरला की लगेच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरका. थंडीत छाटलंत तर पुढच्या हंगामाची फुलं कमी होतात. पावसाळ्यातल्या छाटणीच्या ४ ते ६ इंची, धड कोवळ्या नाहीत आणि धड जून नाहीत अशा फांद्या ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. सहा-आठ आठवड्यांत मुळं धरतात.

फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुवून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून पानांच्या मागूनही फवारा. आठवड्याने पुन्हा करा. कुंडीत मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा. किडीचा गोड द्राव खायला त्या येतात आणि तिला राखतात.