कृत्रिम झडप आणि न उतरणारा ताप: काय करावे

हृदयाची झडप बदलल्यानंतर तिच्यावर जंतूंनी ठाण मांडणे, म्हणजेच एंडोकार्डायटिस, ही गुंतागुंत क्वचित होते. परंतु झाल्यास ती जिवावर बेतते. खानदेशात ताप आला की गावच्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायची आणि टायफॉइड समजून प्रतिजैविक सुरू करायचे, ही सवय येथे घात करते, कारण दोन-चार गोळ्या जरी पोटात गेल्या, तरी रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडणे अवघड होते. शिवाय वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असताना कमरेत घेतलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळू शकते.

म्हणून ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, थंडी वाजली किंवा धाप लागली, तर शस्त्रक्रियेचे कागद व आयएनआरची (रक्त गोठण्याच्या तपासणीची) वही घेऊन त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याचे मोठे रुग्णालय गाठावे आणि झडप बदललेली आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. औषधापूर्वी वेगवेगळ्या जागांवरून रक्ताचे २ ते ३ नमुने घेतले जातात आणि बहुधा अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. शिरेवाटे उपचार साधारण ६ आठवडे चालतात. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ते जड जाते, तरीही ते अर्धवट सोडू नयेत. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

वॉरफरिन स्वतःहून थांबवू नये. तोंड वाकडे झाल्यास किंवा बोबडी वळल्यास ती पक्षाघाताची खूण असू शकते; लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेची कल्पना द्यावी. प्रतिजैविकाचा एक डोस आधी घ्यावा लागतो.