रजेचा खर्च कोण उचलतो? : कुटुंबधोरणाच्या तौलनिक अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

नुसते आठवडे मोजले तर मातृत्व रजेच्या बाबतीत भारत जर्मनीच्या बराच पुढे दिसतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. जर्मनीत मात्र प्रसूतीपूर्वीचे ६ आणि नंतरचे ८ असे मिळून १४ आठवडेच आहेत. तौलनिक राजकारणात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी पुष्कळदा असाच एखादा तक्ता घेऊन येतात आणि त्यातून कोणता देश स्त्रियांबाबत उदार आणि कोणता कंजूष हे ठरवून मोकळे होतात. मी गेली काही वर्षे या दोन देशांच्या कुटुंबधोरणांवर काम करते आहे, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती जमा झालेले आहे : या रजेचे पैसे कोण देतो?

भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत न येणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या रजेचा संपूर्ण भार तिच्या मालकावर पडतो. कायद्याने रजा वाढवली, पण त्या वाढीचा खर्च वाटून घेण्याची सोय केली नाही. जर्मनीत त्या चौदा आठवड्यांसाठी आरोग्य विमा दिवसाला कमाल १३ युरो देतो आणि उरलेला पगार मालक देतो. परंतु मालकाला ही रक्कम एका सामाईक निधीतून परत मिळते, आणि त्या निधीत पदरी एकही स्त्री कामाला नसलेल्या मालकालाही वर्गणी भरावी लागते. ही व्यवस्था पहिल्यापासून अशी नव्हती. पूर्वी फक्त लहान आस्थापनांसाठी ती सोय होती. अशा रचनेमुळे स्त्रियांना कामावर घेण्यास मालक कचरतील आणि समानतेच्या घटनात्मक हमीला बाध येईल, असा निर्णय तेथील संघीय घटना न्यायालयाने २००३ साली दिला, आणि १ जानेवारी २००६ पासून सर्वच मालक त्या निधीत आले. शिवाय चौदा आठवडे संपल्यावर पालकभत्ता सुरू होतो, तो संघराज्याच्या तिजोरीतून. म्हणजे तक्त्यातल्या एका आकड्याच्या मागे मालक, विमा आणि सरकार असे तीन खिसे आहेत, आणि कोणत्या खिशातून पैसे निघतात यावरून ते कोणापर्यंत पोहोचतात हे ठरते. शेतमजूर किंवा घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला मालकच दाखवता येत नसेल, तर सव्वीस आठवड्यांचा तिला उपयोग शून्य.

हा प्रश्न युरोपातून आयात केलेला आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला १९२८ सालच्या मुंबई विधिमंडळाच्या कामकाजाकडे पाठवावे. मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता : प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, तथापि स्त्रियांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा हे रास्तच आहे. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा कायदा झाला. देशातला या विषयावरचा तो पहिला कायदा, आणि त्यात भार आला तो मालकावर. माझ्या मते तौलनिक कुटुंबधोरणाच्या कोणत्याही मराठी विद्यार्थ्याने सुरुवात याच चर्चेपासून करावी, नेहमी आदर्श म्हणून दाखवल्या जाणाऱ्या स्वीडनपासून नव्हे.

शिक्षणाच्या मार्गाबद्दल थोडक्यात सांगते. राज्यशास्त्रात एम. ए. करून या विषयाकडे वळता येते आणि स्त्री-अभ्यासातूनही येता येते. एसएनडीटी विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी उभे केलेले संशोधन केंद्र, पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही आपल्याकडची परिचित ठिकाणे आहेत. दोन्ही वाटांना आपापल्या अडचणी आहेत. राज्यशास्त्राच्या विभागात ‘कुटुंब हा समाजशास्त्राचा विषय’ हे वाक्य आजही ऐकावे लागते, आणि स्त्री-अभ्यासात पक्ष, संघराज्य, न्यायालये, नोकरशाही यांच्या कामकाजाचा पाया कच्चा राहण्याचा धोका असतो. ज्याने त्याने आपली कच्ची बाजू ओळखून ती पीएच. डी.ला नाव नोंदवण्यापूर्वीच भरून काढावी. या क्षेत्राचा जन्मच मुळी एका वादातून झाला हेही ठाऊक असावे. योस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० साली श्रीमंत लोकशाही देशांच्या कल्याणकारी राज्यव्यवस्थांचे तीन प्रकार सांगितले, आणि लगोलग जेन लुईस, ॲन ओर्लॉफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारले की ज्या स्त्रीचे श्रम बाजारात येतच नाहीत, घरातच खर्ची पडतात, ती या वर्गवारीत कोठे बसते? तो वाद मुळातून वाचावा. त्यावरचे सारांश वाचून भागत नाही.

दुसऱ्या देशाची भाषा शिकण्याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनामुळे जर्मन शिकण्याची चांगली सोय आहे, तिचा फायदा पदवीच्या वर्षांतच घ्यावा, कारण संशोधन सुरू झाल्यावर व्याकरणासाठी वेळ उरत नाही. जर्मन संसदेतील चर्चांची शब्दशः इतिवृत्ते १९४९ पासूनची संगणकावर उपलब्ध आहेत. ती वाचता येणारा आणि त्यांचे इंग्रजी गोषवारे वाचणारा यांच्या प्रबंधांत फार फरक पडतो. मात्र भाषा येण्याचा खरा लाभ मला सरकारी अर्ज वाचताना झाला, आणि त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते.

जर्मनीतील आजचा पालकभत्ता १ जानेवारी २००७ पासून सुरू झाला. त्याची तयारी सोशल डेमोक्रॅट मंत्री रेनाटे श्मिट यांच्या काळात झाली होती आणि तो प्रत्यक्षात आणला ख्रिश्चन डेमोक्रॅट मंत्री उर्सुला फॉन देर लायेन यांनी. पुराणमतवादी पक्षाच्या मंत्र्याने हे का केले, यावर बरेच संशोधन झालेले आहे. मूळ रचनेत आधीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ६७ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो, असा भत्ता बारा महिने मिळत असे, आणि दुसऱ्या पालकानेही किमान दोन महिने घेतले तर एकूण चौदा. वर्तमानपत्रांनी याला बापांसाठीची क्रांती म्हटले. यापूर्वीचा भत्ता सरसकट दरमहा ३०० युरोंचा आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांसाठी होता, पण तो दोन वर्षांपर्यंत मिळत असे. म्हणजे ज्या आईचे उत्पन्न नगण्य होते तिच्या वाट्याला नव्या योजनेत निम्मे महिने आले. २०११ पासून तर मूलभूत निर्वाहभत्त्यावर जगणाऱ्यांचा पालकभत्ता उत्पन्न म्हणून धरून तेवढी रक्कम निर्वाहभत्त्यातून वजा होऊ लागली. लिंगभावाच्या दृष्टीने पुढारलेले धोरण वर्गाच्या दृष्टीने मागे जाऊ शकते, हे यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने सांगता येणार नाही.

आता त्या अर्जाकडे. मुलाखतीसाठी गेले असता ब्रेमेनमधील एका जोडप्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला अर्ज माझ्यापुढे पसरला. त्यात बाळाच्या एकेका महिन्यासाठी एक ओळ आणि आई-बापांसाठी दोन रकाने होते. सगळ्या खुणा पेन्सिलीने केलेल्या आणि कितीदा तरी खोडलेल्या होत्या. अडचण अशी होती की हे महिने दिनदर्शिकेचे नसतात, बाळाच्या वयाचे असतात. १७ तारखेला जन्मलेल्या बाळाचा महिना १७ ते १६ असा धरला जातो. बापाच्या कचेरीतील रजा मात्र एक तारखेपासून मांडलेली होती, आणि तशीच घेतली असती तर अर्ध्या महिन्यांच्या पगारामुळे भत्त्याचा हिशेब बिघडला असता. शेवटी बापाच्या रकान्यात तेराव्या आणि चौदाव्या महिन्यापुढे दोन फुल्या उरल्या. भत्ता घेणाऱ्या जर्मन बापांपैकी बहुसंख्य दोनच महिने का घेतात, याची कारणे आकडेवारीच्या फायलींत शोधावीतच. पण कायदा, कचेरी आणि घर यांची गाठ कोठे पडते ते असा अर्ज हाती घेतल्यावर कळते. आपल्याकडच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्जही असाच वाचण्याजोगा आहे : पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक हप्त्यामागे वेगळी अट.

आकडेवारी टाळून मात्र चालणार नाही. जर्मनीचे सामाजिक-आर्थिक पॅनल सर्वेक्षण १९८४ पासून त्याच कुटुंबांकडे दरवर्षी जाते. आपल्याकडे २०१९ साली पहिले देशव्यापी कालवापर सर्वेक्षण झाले आणि बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे ते करतात, असे त्यातून दिसले. हे ९७ मिनिटे मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचे आहेत, सगळ्या पुरुषांचे नव्हेत, एवढे लक्षात येण्यापुरते तरी संख्याशास्त्र प्रत्येकाला यायला हवे. ‘आर’ किंवा ‘स्टाटा’ यांपैकी एक सॉफ्टवेअर नीट शिकावे. तीस देशांचे तक्ते करून छापलेले निबंध लवकर स्वीकारले जातात हे खरे असले, तरी पहिल्या प्रबंधासाठी दोन देश, किंवा एकाच देशातील दोन प्रदेश घ्यावेत असे मी सुचवेन. पूर्व आणि पश्चिम जर्मनीत १९९० नंतर कायदा एकच आहे, पण पूर्वेत समाजवादी काळापासून पाळणाघरांचे जाळे होते, आणि लहान मुलांच्या आयांनी पूर्णवेळ नोकरी करण्याबद्दलची दोन्हीकडची मते अजूनही वेगळी आहेत. याच धर्तीवर महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांची तुलना का होऊ नये?

नोकरीविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. जर्मनीत पीएच. डी. करणाऱ्याला विद्यापीठात पगारी पद मिळू शकते, पण ते बहुधा अर्धवेळ किंवा दोन-तृतीयांश वेतनाचे असते, आणि २००७ च्या कायद्यानुसार पीएच. डी.पूर्वी सहा व नंतर सहा वर्षांपर्यंतच मुदतीचे करार करता येतात. त्यानंतर कायमचे पद नसेल तर बहुतेकांना विद्यापीठ सोडावे लागते. अपत्य असल्यास दर अपत्यामागे दोन वर्षांची वाढ देता येते, पण ती देण्याचे बंधन विद्यापीठावर नाही. याच कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी चित्रफितीतील ‘हाना’ या काल्पनिक संशोधिकेचे नाव घेऊन २०२१ साली हजारो संशोधकांनी समाजमाध्यमांवर आपापली कैफियत मांडली. कुटुंबधोरणावर लिहिणाऱ्या बायकांना मूल केव्हा होऊ द्यावे याचा हिशेब कराराच्या तारखांवरून मांडावा लागतो, ही या क्षेत्रातली फारशी न बोलली जाणारी गोष्ट आहे. इकडे परतायचे तर नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे सोयीचे, आणि तरीही पुष्कळांच्या वाट्याला सुरुवातीची वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर येतात. एका महाविद्यालयातील मुलाखतीत माझ्या प्रबंधाबद्दल एक प्रश्न आला आणि लग्न व मुलांबद्दल तीन. मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. रजेच्या काळात बदली शिक्षकाच्या पगाराची तरतूद ज्यांना स्वतः करावी लागते ती माणसे असे प्रश्न विचारतात, आणि नुसत्या प्रबोधनाने ते थांबतील असे मला वाटत नाही.

विषय शोधणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात सध्या पुष्कळ काम पडून आहे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १५०० रुपयांची तुलना कोणी जर्मनीतील बालसंगोपन भत्त्याशी करू पाहील, तर सावधपणे करावी. तो भत्ता ऑगस्ट २०१३ पासून, सरकारी साहाय्यावरच्या पाळणाघरात मूल न पाठवणाऱ्या पालकांना मिळत होता, आणि २०१५ साली घटना न्यायालयाने तो रद्द केला तो स्त्रियांना घरी बसवतो म्हणून नव्हे, तर असा कायदा करण्याचा अधिकार संघराज्याला नाही म्हणून. लाडकी बहीण योजनेत संगोपनाची अटच नाही. दोन्हीकडे रोख रक्कम आहे एवढ्या साम्यावर प्रबंध उभा राहत नाही. त्यापेक्षा १९९४ चे राज्याचे महिला धोरण आणि त्यानंतरची धोरणे एकापुढे एक ठेवून त्यांत पाळणाघराला किती जागा मिळाली हे पाहणे, किंवा पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघर ठेवावे या २०१७ च्या तरतुदीचे एखाद्या औद्योगिक वसाहतीत काय झाले हे शोधणे, मला अधिक फलदायी वाटते.

शेवटी मार्गदर्शकाला लिहावयाच्या पत्राविषयी. परदेशातील प्राध्यापकांना येणारी बहुतेक पत्रे लांबलचक असतात आणि त्यांत ‘स्त्री सक्षमीकरणात मला रस आहे’ यापलीकडे फारसे काही नसते. पत्र एका पानाचे असावे. कोणता कायदा किंवा योजना, कोणते दोन प्रदेश, कोणता कालखंड आणि कोणती कागदपत्रे तुम्ही मूळ भाषेत वाचू शकता, एवढे त्यात स्पष्ट असावे. मराठीत वाचता येते हे आवर्जून लिहावे, कारण शासन निर्णय आणि विधिमंडळातील चर्चा मराठीतून वाचू शकणारे लोक तिकडे विरळा. सोबत आपल्या लेखनाचा एकच चांगला नमुना जोडावा. जर्मनीत उन्हाळ्याच्या सुटीत पत्रे पडून राहतात, म्हणून ऑगस्ट टाळावा. तीन-चार आठवड्यांत उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर दुसऱ्या प्राध्यापकाकडे वळावे.