लिलाव जिंकून हात वर करणाऱ्याचं काय करायचं

लिलाव संपला, आकडा बघून तुम्ही खूश झालात, आणि त्यानंतर जिंकणारा गप्प. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, त्याला खडसावा, बोली म्हणजे करार असतो हे ऐकवा, कारवाईची धमकी द्या. हे सगळं मी करून बसलो आहे. शिव्या मिळाल्या, खोट्या सबबी मिळाल्या, पैसे एकदाही मिळाले नाहीत. बोली बंधनकारक असते हे नियमात लिहिलेलं असतंच, पण एका वस्तूपायी तो नियम वसूल करत बसणं वस्तूच्या किमतीपेक्षा महाग पडतं. पहिला गेला की सगळं लक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या माणसाकडे वळवायचं. त्याला कसं हाताळायचं हे कळायला मला फार वेळ लागला, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

उदाहरणं ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटची देतो, कारण तिथले नियम स्पष्ट आहेत. इतर साइट्सवर दिवसांचे आकडे वेगळे असतील, पण कामाचा क्रम तोच ठेवा.

आधी एकच निरोप पाठवा, तोही साइटच्या आतून: पैसे कधीपर्यंत येणं अपेक्षित आहे आणि काही अडचण आहे का, एवढंच. कारण विचारू नका. कारण विचारलं की ‘मुलाच्या हातून चुकून बोली लागली’ हे उत्तर येतं. शेवटच्या दहा सेकंदांत नेमकी बोली लावणारी इतकी तरबेज मुलं घराघरात आहेत, हे मला विक्री करायला लागल्यावरच कळलं.

मग मुदत संपेपर्यंत थांबा. ईबेवर पैसे भरायला ४ दिवस असतात. त्यानंतर विक्रेता व्यवहार रद्द करू शकतो, आणि लिलाव संपल्यापासून ३० दिवसांच्या आत हे उरकायचं असतं. रद्द करताना कारणांची यादी समोर येते. तिथे घाईत काहीही टिचकवू नका. ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हेच निवडा. ‘खरेदीदाराने रद्द करायला सांगितलं’ असं निवडलंत तर त्याच्या खात्यावर काहीच नोंद होत नाही आणि तो पुढच्या विक्रेत्याकडे निघून जातो. ‘वस्तू शिल्लक नाही’ निवडलंत तर ठपका चक्क तुमच्यावर येतो. तासाभरात प्रामाणिकपणे ‘चूक झाली’ म्हणून कळवणाऱ्याला मी सोडून देतो. चार दिवस गप्प बसून पाचव्या दिवशी ‘तुम्हीच रद्द करा ना’ म्हणणाऱ्याला सोडत नाही.

वाईट अभिप्राय लिहून उट्टं काढायचा विचार असेल तर तोही सोडा. २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल नकारात्मक अभिप्राय देताच येत नाही.

आता दुसरा बोलीदार. इथे मी दोनदा तोंडावर आपटलो.

पहिल्यांदा घाईमुळे. कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स होती. जिंकणारा तीन दिवस गप्प होता, म्हणून मी दुसऱ्याला ‘सेकंड चान्स ऑफर’ (हरलेल्या बोलीदाराला तीच वस्तू देऊ करायची ईबेची सोय) पाठवून टाकली. त्याने तासाभरात पैसे भरले. त्याच संध्याकाळी पहिल्यानेही भरले, वर उशिराबद्दल माफी मागितली. तो मुदतीच्या आत होता, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. लेन्स एक आणि मालक दोन. एकाचे पैसे परत केले, ‘वस्तू शिल्लक नाही’ हे कारण खरं असल्यामुळे तेच निवडावं लागलं, आणि डाग माझ्या खात्यावर लागला. तेव्हापासून पहिला व्यवहार रद्द झाल्याशिवाय मी दुसऱ्याला नमस्कारसुद्धा करत नाही. मात्र रद्द झाला की त्याच तासाला ऑफर पाठवतो. ईबे ही ऑफर ६० दिवसांपर्यंत पाठवू देतं, पण त्या मुदतीवर विसंबू नका. हरलेला माणूस दुसरीकडे शोधायला लागलेला असतो. ऑफर किती दिवस खुली ठेवायची तेही निवडता येतं. मी तीन दिवस ठेवतो. एक दिवस म्हणजे समोरच्याला धाक घातल्यासारखं वाटतं, आणि सात दिवसांत तुम्हीच अडकून पडता.

दुसऱ्यांदा आपटलो ते किमतीमुळे. हे नीट समजून घ्या, कारण सल्ला देणारे बहुतेक जण याबद्दल बोलतच नाहीत.

ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो, आणि साइट त्याच्या वतीने तेवढ्यापर्यंत, लागेल तशी पायरीपायरीने बोली वाढवते. समजा तिघांनी बोली लावली. तिसऱ्याची कमाल २,५००, दुसऱ्याची ६,४००, आणि पळालेल्याची त्याहून जास्त. बोलीची पायरी १०० ची धरली तर लिलाव ६,५०० वर संपला. ऑफर दुसऱ्याला त्याच्या कमाल बोलीला, म्हणजे ६,४०० ला जाते. आता त्याच्या बाजूने पाहा. पळपुटा मुळात आलाच नसता तर त्याला वस्तू २,६०० ला मिळाली असती. बोलींचा इतिहास त्यालाही दिसतो, आणि हा हिशेब त्याला तुमच्याआधी जमतो. त्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की पळालेला माणूस तुमचाच होता, भाव चढवायला बसवलेला. तुम्ही कितीही सरळ असा, त्याच्या जागी तुम्हालाही तेच वाटलं असतं.

म्हणून ऑफर पाठवण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या बोलीतलं अंतर बघा. अंतर थोडं असेल तर बिनधास्त पाठवा, तो भाव बाजाराने ठरवलेला आहे. वरच्यासारखी दरी असेल तर पाठवू नका. ‘तो एवढे द्यायला तयार होताच ना?’ असं म्हणणारे भेटतील. होता, पण चुरशीत. चुरस खोटी निघाल्यावर तो आकडा त्याला बांधून घालणं मला पटत नाही, आणि व्यवहार म्हणूनही ते फसतं. एकदा मी असा हट्ट धरला, तेव्हा उत्तराऐवजी माझी साइटकडे तक्रार झाली. दरी मोठी असेल तेव्हा मी वस्तू ठरावीक किमतीला, घासाघिशीची सोय ठेवून, त्याच साइटवर पुन्हा लावतो. गरज असलेला दुसरा बोलीदार बहुतेकदा तिथे येतोच.

ऑफर नेहमी साइटच्या यंत्रणेतूनच जाऊ द्या. ‘पहिला पळाला, तुम्हाला देतो, पैसे इकडे पाठवा’ असा ईमेल हा भामट्यांचा जुना खेळ आहे. शहाणा बोलीदार तो न वाचताच उडवतो आणि तुमच्या नावाची तक्रार करतो. सोबत दोन ओळी लिहायच्या तर एवढंच लिहा: आधीचा व्यवहार पैसे न आल्यामुळे रद्द झाला, वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे. पळालेल्याबद्दल तक्रारीचा सूर नको.

दुसऱ्याने नकार दिला तर तिसऱ्याच्या मागे लागू नका, वस्तू पुन्हा लिलावाला लावा. वर्णनात ‘फक्त गंभीर खरेदीदारांनीच यावे’ वगैरे लिहू नका. पळणारे वर्णन वाचत नाहीत, आणि वाचणारे बिचकतात.

लिलाव चालू असतानाच माघार घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. एक जण हलकी बोली लावतो, त्याचा जोडीदार भलीमोठी लावून बाकीच्यांना पळवून लावतो आणि अगदी शेवटी आपली बोली काढून घेतो. वस्तू पहिल्याला कवडीमोलाने मिळते. म्हणूनच ईबेवर शेवटच्या १२ तासांत बोली मागे घ्यायची तर ती लावल्यापासून तासाभराच्या आतच घेता येते. अशी उडी दिसली तर लिलाव संपायची वाट न बघता ती बोली विक्रेता म्हणून तुम्हीच रद्द करा.

शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन, याआधी पैसे बुडवल्याच्या नोंदी असलेल्या खात्यांना बोली लावता येणार नाही असा पर्याय चालू करा, आणि या पळपुट्याचं नाव ब्लॉक यादीत घाला. शून्य अभिप्रायवाल्या नव्या खात्यांना मात्र सरसकट अडवू नका. त्या लेन्सचे पैसे तासाभरात भरणारा असाच नवखा होता.