पैसे देऊन म्युझिकचे धडे घ्यायच्या आधी गॅरेजबँडमध्ये असं ट्राय करून बघा

घरी मॅक आहे आणि गिटार किंवा कीबोर्ड शिकायचंय, तर कुठल्याही ॲपला वर्षाचे पैसे भरायच्या आधी ॲपलचं गॅरेजबँड हे म्युझिक ॲप उघडा. बरेच जण त्यात नुसतं रेकॉर्डिंग करतात, आत धडे पण आहेत हे त्यांना माहीतच नसतं.

हे धडे 2009 साली आले. बेसिक धडे तेव्हापासूनच फुकट, पण आर्टिस्ट लेसन म्हणजे स्टिंग, नोरा जोन्स, जॉन फोगर्टी अशी नावाजलेली गायक मंडळी स्वतः समोर बसून आपलंच गाणं शिकवतात ते मात्र विकत होते, एकेक धडा 4.99 डॉलरला. 2018 मध्ये ॲपलने ते पण फुकट केले. म्हणजे विकतचा धडा कसा असतो, तो आपल्याला झेपतो का, हे आज एक रुपया न घालवता कळतं, आणि मग तेच माप लावून बाकीची ॲप्स बघता येतात. मला तरी याहून चांगली ट्रायल माहीत नाही.

गॅरेजबँड चालू केलं की प्रोजेक्ट निवडायच्या खिडकीत डावीकडे 'लर्न टू प्ले' आणि 'लेसन स्टोअर' दिसेल. स्टोअरमधून धडा डाउनलोड करायचा, वायफायवर करा कारण व्हिडिओ असतात. आयपॅड-आयफोनच्या गॅरेजबँडमध्ये हे धडे नाहीत, उगाच शोधत बसू नका. आधी बेसिकमधले पहिले दोन-तीन धडे करा, थेट स्टिंगकडे जाऊ नका, आर्टिस्ट लेसनमध्ये तुम्हाला कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) येतात असं धरूनच ते पुढे जातात.

आता खरं काम. धडा सुरू झाला की वर व्हिडिओ आणि खाली गिटारची मान किंवा पट्ट्या, कुठलं बोट कुठे ते तिथे दिसतं. नुसतं बघत बसलात तर पिक्चर बघितल्यासारखं होईल, म्हणून तीन गोष्टी पहिल्याच दिवशी वापरा. एक, स्पीड कमी करा, इतका की बोटं न अडखळता पोचतील. दुसरं, सायकल, म्हणजे जिथे अडतंय तेवढाच पिवळा पट्टा ओढून तो तुकडा परत परत वाजू द्यायचा, चार बारचा (बार म्हणजे तालाचा एक फेरा) तुकडा पुरे. तिसरं म्हणजे मिक्सर, त्यात शिक्षकाचा आवाज, त्याचं वाद्य आणि बँड वेगवेगळे कमी-जास्त होतात, तर शिक्षकाचं वाद्य बंद करा आणि बँडबरोबर तुम्ही एकटे वाजवा. इथेच कळतं आपल्याला काय येतं आणि काय नाही, कारण तोपर्यंत त्याच्या आवाजाखाली आपल्या चुका झाकल्या जातात. मग स्वतःला रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, लगेच नको. काही धड्यांत 'हाऊ डिड आय प्ले' आहे, ते चालू केलं तर कुठे चुकलं ते तिथल्या तिथे दाखवतं.

घरी पेटी असलेल्यांसाठी एक गोष्ट. आपण सा काळी एकला धरतो नाहीतर पांढरी चारला, आणि सा हलला की सगळी सरगम त्याच्याबरोबर हलते. धड्यात तसं नाही, तिथे पांढरी एक म्हणजे सी आणि ती कायम सीच. पहिले काही दिवस सी मेजर म्हणजे पांढरी एकचा सा आणि सगळे शुद्ध स्वर असं धरा, पटकन बसतं.

ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, प्लीज. आवाज इतका उशिरा येतो की तालात वाजवूनही बेताल ऐकू येतं. वायरवाले घ्या आणि तरीही आवाज उशिरा येतोय असं वाटलं तर ऑडिओ इंटरफेसचा (वाद्य मॅकला जोडायचा डबा) बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवायच्या आधी साठवायचा तुकडा, 128 सॅम्पलवर ठेवा, 44.1 किलोहर्ट्झला तो उशीर साधारण 3 मिलिसेकंद होतो, 1024 वर तोच 23. मॅकच्या माइकवर अकॉस्टिक गिटार चालते, पण आपल्याकडे पंखा, शेजारचा कुकर, खालचा हॉर्न सगळं त्यात येतं, म्हणून मिडी कीबोर्ड (मॅकला जोडून वाजवायचा) किंवा केबलने जोडलेली इलेक्ट्रिक गिटार बरी, रात्री अकराला पण वाजवता येते आणि सोसायटीत कोणी बोलत नाही. वाद्य घ्यायचंच असेल तर मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन हातात धरून बघा, मान हाताला बसते का ते फोटोवरून कळत नाही. आणि पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कपड्याने पुसा, मुंबईच्या हवेत लगेच गंजतात.

एवढं करून पुढे शिकायची ओढ राहिली तर पैसे द्या, जरूर द्या, फक्त त्या ॲपमध्ये स्पीड कमी होतो का, तुकडा लूप होतो का आणि शिक्षकाचं वाद्य बंद करता येतं का ते आधी फुकटच्या भागात बघून घ्या. यातलं एकही नसेल तर तसले नुसते व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेतच. विंडोजवाल्यांना गॅरेजबँड मिळत नाही, त्यांनी एबलटन या म्युझिक सॉफ्टवेअर कंपनीची 'लर्निंग म्युझिक' ही ब्राउझरमध्ये चालणारी फुकट साइट करावी, त्यात वाद्य वाजवायला शिकवत नाहीत पण बीट, बेसलाइन, कॉर्ड कसे जुळतात ते फार छान कळतं. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर 60 दिवस ट्रायलवर पूर्ण चालतं.

सुरुवातीला महिन्याचाच प्लॅन घ्या. फ्री ट्रायल ॲप स्टोअरवरून घेतली असेल तर संपायच्या किमान 24 तास आधी सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन सबस्क्रिप्शनमधून रद्द करावी लागते. ऑटो-डेबिट असेल तर बँकेचा मेसेज पैसे कापायच्या 24 तास आधी येतो, म्हणजे त्या मेसेजची वाट बघत बसलात तर ॲपलची मुदत तोवर गेलेली असू शकते. ट्रायल सुरू केली त्याच दिवशी फोनमध्ये दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावून टाका.