केंद्राची जबाबदारी दुसऱ्याला कशी द्यायची, आणि दिल्यावर परत कशी घ्यायची नाही

आत्तापर्यंत मी पाच केंद्रं दुसऱ्यांच्या हातात दिली. पहिलं दिलं ते चार महिन्यांत परत माझ्याकडं आलं आणि त्यात चूक माझी होती. सोलापुरात विडी घरकुल भागात विडी कामगार बायकांच्या पोरांसाठी अभ्यासिका होती, जोडीला त्या बायकांचे बचत गट. शिबिरांमधे सांगतात, डेलिगेट करा, माणसांवर विश्वास ठेवा. हे ऐकून मला आता राग येतो, कारण जिच्याकडं केंद्र दिलं त्या मुलीवर विश्वास माझा होताच, पूर्ण होता, आणि तरी मी तिचं काम रोज तिच्या हातातून काढून घेत होते.

माणूस कसा निवडायचा ते तुम्हाला कळतं. एकच सांगते, जास्त शिकलेली शोधू नका, वस्तीतल्या बायका जिच्याशी मोकळेपणानं भांडू शकतात अशी शोधा.

वेळ जूनची, शाळा उघडताना. मार्चमधे हिशेब आणि फंडरचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (दिलेला पैसा कुठं खर्चला त्याचा दाखला) डोक्यावर असतं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळं निम्मी पोरं होम मैदानावर असतात, या दोन महिन्यांत कुणाच्याही गळ्यात नवीन काम घालू नका.

मग एक कागद करा, एकच पान. ती स्वतः ठरवणार त्या गोष्टी, ठरवून मग आपल्याला सांगणार त्या, आणि आधी विचारणार त्या. पैशाचा आकडा लिहाच, आमच्याकडं २,००० रुपयांपर्यंतचा खर्च तिचा ती करते, बिल फाईलला लावते, विषय संपला. माझ्या पहिल्या कागदावर ‘आधी विचारणार’ खाली अकरा गोष्टी होत्या, सतरंज्या धुवायला टाकायच्या का हे पण त्यात होतं. आता तीन असतात: नवीन माणूस घेणं, नवीन फंडर, आणि जागा बदलणं.

केंद्र आता ती बघणार हे वस्तीत सांगायचं दुपारी, बायका कारखान्यात विड्या देऊन परत आल्यावर. बोलायचं तिनं, तुम्ही बसायचं बायकांच्या रांगेत.

आता खरा अवघड भाग, पुढचे सहा-सात आठवडे. इथंच सगळे घसरतात आणि यावर कुणी नीट सांगत नाही.

लोक तुमच्याकडंच येणार. फोन येतो, ‘अक्का, तुम्हीच सांगा की जरा.’ पहिल्या वेळी एका आईचा फोन आला, पोराला दुसऱ्या पोरानं मारलं म्हणून, मी पाच मिनिटांत दोन्ही घरांशी बोलून मिटवलं आणि बरं वाटलं. आठ दिवसांनी घरमालक भाड्यासाठी माझ्याकडं आला, ते पण मी मिटवलं. तिला यातलं काही सांगितलंच नाही, म्हटलं उगाच कशाला तिला त्रास. महिनाभरात सगळ्या वस्तीला कळलं की खरा निर्णय कुठं होतो. चौथ्या महिन्यात तिनं किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘ताई, केंद्र तुमचंच आहे, मी फक्त कुलूप उघडते.’ तिनं दुसरीकडं नोकरी धरली. चांगली कार्यकर्ती होती, आपल्याच माणसांत वाढलेली, आणि ती माझ्यामुळं गेली. मला ते आजही लागतं.

म्हणून आता फोन आला की मी उचलते पण एवढंच बोलते: ‘हे ती बघते, तिच्याशी बोला, मी तिला सांगते तुमचा फोन येईल म्हणून.’ आणि तिला खरंच तेवढंच सांगायचं, स्वतःचं मत चिकटवायचं नाही, मत चिकटवलं की तो निर्णय तुमचा झाला. ‘बघते मी’ हे दोन शब्द तोंडातून पूर्ण काढून टाका. आपण सवयीनं म्हणतो, समोरच्या बाईला धीर यावा म्हणून म्हणतो, पण ‘बघते मी’ म्हटलं की काम परत तुमच्या अंगावर आलं.

बचत गटाच्या बैठकीला पण पहिले सहा आठवडे जाऊ नका. गप्प बसून राहीन म्हणाल तर नाही जमत, तुम्ही नुसती मान हलवली तरी सगळ्या तुमच्याकडं बघून बोलायला लागतात. दुसऱ्या केंद्राच्या वेळी मी जाणं बंद केलं तेव्हा एक गोष्ट झाली जी मला नऊ वर्षांत कळली नव्हती. आमच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, मी असले की बैठक मराठीत चालायची आणि दोन-तीन जणीच बोलायच्या. नवीन मुलगी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या घरातली, मी नसताना बैठक तेलुगूत झाली आणि मागं बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलल्या. कोण किती अडकलंय ते त्या एका दुपारी बाहेर आलं.

चुका होणार, होऊ द्या. एकीनं वर्ग पाचऐवजी साडेसहाला केला, मला माहीत होतं अंधार पडल्यावर मुलींना घरचे पाठवत नाहीत, पण मी बोलले नाही. दोन आठवडे मुलींची हजेरी पडली, तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः घरोघर फिरली आणि वेळ परत पाचला आणली. त्यानंतर तिला मुलींच्या घरची कारणं माझ्यापेक्षा जास्त माहीत झाली. तीन ठिकाणी मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं: पोरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न, पावतीशिवाय रोख पैसे, आणि सरकारी कागदाची शेवटची तारीख. तेव्हा पण बोलायचं तिच्या एकटीशी, दार लावून, वस्तीसमोर एक शब्द नाही.

शनिवारी एक तास बसा. ‘काय झालं’ विचारू नका, माणूस हजेरी सांगत बसतो. ‘तू काय ठरवलंस’ विचारा.

तिला विश्वस्त पण करणार असाल तर बँकेच्या सहीसाठी ठराव करा आणि धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) ९० दिवसांच्या आत टाका, वकिलाला लगेच कागद द्या.

आणि एक, आपल्याबद्दल. दुपारचे चार वाजले की पाय आपोआप तिकडं वळतात. तीन महिने मला रिकामं वाटायचं, आपली गरज संपली असं वाटून रात्री झोप यायची नाही, आणि याच दिवसांत माणूस काहीतरी निमित्त काढून केंद्रावर जातो. त्या वेळेला दुसरं काम आधीच ठरवून ठेवा, कॅलेंडरवर लिहून. मी शेजारच्या आजींकडं रोज एक तास तेलुगू शिकायला बसले, इतकी वर्षं त्या बायकांमधे काम करून मला त्यांची भाषा येत नव्हती. आता पूर्ण कळते, बोलताना अडखळते.

सातव्या आठवड्यात केंद्राच्या दारावरच्या बोर्डावरून तुमचा मोबाईल नंबर पुसून तिचा लिहा. पेंटर बोलवा, कागद चिकटवू नका, कागदाखालून जुना नंबर दिसतो.